मदत हवी आहे: एजंट नाही, शोरीलमध्ये (अभिनयाच्या निवडक क्लिप्सच्या व्हिडिओत) काय ठेवू?

मुंबईत मालिका-जाहिरातींच्या कास्टिंगला एजंटशिवाय प्रोफाइल पाठवायचंय. वय, उंची, शहर, भाषा लिहिल्यात. क्लोज-अप, मिड, फुल लेंथ फोटो बिनफिल्टरचे. इंट्रो व्हिडिओ आडवा, 40 सेकंदांचा, दोन्ही बाजूंचा चेहरा दाखवून. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओची क्वालिटी घसरते, म्हणून यूट्यूबची अनलिस्टेड (ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसणारी) लिंक. परवानगी मागणारी ड्राइव्हची लिंक कोण उघडत बसणार!

अडलंय शोरीलपाशी. दीड मिनिटाच्या शोरीलमध्ये एकांकिकेचं शूटिंग घ्यावं का? कॅमेरा प्रेक्षागृहाच्या मागे असल्याने आवाज घुमतो, चेहरा ठिपक्याएवढा. त्यापेक्षा घरी साध्या भिंतीसमोर केलेले दोन मोनोलॉग (एकट्याचे संवाद) चालतील? मराठी-हिंदीची लिंक वेगळी द्यावी का? फॉलो-अप किती दिवसांनी?

नोंदणीचे पैसे मागणाऱ्यांचे नंबर कृपया नकोत.