मदत हवी आहे: आबांच्या हृदयाच्या आणि बीपीच्या गोळ्या कोल्हापुरात स्वस्त कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. आम्ही राधानगरीकडचे. आबांची अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेत झाली, तो मोठा खर्च टळला. पण आता रोजच्या गोळ्या खिशातून घ्याव्या लागतात. चिठ्ठीवर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोर्वास्टॅटिन आणि टेल्मिसार्टन आहे.

आबा परस्पर एक दिवसाआड गोळ्या घ्यायला लागलेत. "बरं वाटतंय की आता, कशाला पैसे घालवायचे?" म्हणतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीच्या नळीत) गुठळी होऊ शकते, त्यामुळं माझा जीव टांगणीला लागलाय. परवा गावातल्या आशा सेविका ताईंनी बीपी मोजलं तर १६०/१००! ताटातला खर्डा आणि लोणचं मी बंद केलंय, त्यावरून घरात रोज वाद.

सीपीआरमधून (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातून) या गोळ्या महिन्याभराच्या एकदम मिळतात का? एसटीनं येण्यात अख्खा दिवस जातो, रोजगार बुडतो तो वेगळाच. स्टँडच्या आसपास चारही गोळ्या कायम असणारं जनऔषधी केंद्र कुणाला माहीत आहे का? आणि आबांशी चार शब्द शांतपणे बोलून त्यांना पटवतील असे हृदयाचे डॉक्टर असतील तर कृपया कळवा.