ब्रह्मगिरीचं उठावशिल्प ब्राँझमध्ये ओतायचंय: भरीव की पोकळ?

गोदाकाठ:
ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि मधलं खोरं असं ६० × ४५ सेंमीचं उठावशिल्प शाडूत करतोय. सातपूरचे फाउंड्रीवाले म्हणतात मागून भरीवच ठेवा, सोपं जाईल. ऐकावं का? धातू किती लागेल?

मूस:
अजिबात नको. वाळूत यंत्रांचे भाग ओतणाऱ्यांना भरीव सोपं वाटतं, पण इथे डोंगराचा माथा सगळ्यात शेवटी थिजणार. थिजताना धातू आकसतो आणि ती तूट भरायला आजूबाजूला रस उरलेला नसतो. मग आत पोकळी, वर खड्डा.

आधी मेणाची प्रत करायची, मग ते मेण वितळवून काढून त्याच्या जागी धातू ओतायचा. त्यासाठी शाडूवरून घेतलेल्या रबराच्या साच्यात ब्रशने मेणाचे थर द्या, सगळीकडे ५ मिमी. मागची बाजू डोंगराच्या आकारानेच पोकळ जाऊ द्या.

धातूचा हिशेब: ६० × ४५ × ०.५ = १३५० घन सेंमी. चढउतारामुळे त्यात पाव हिस्सा वाढ धरा, म्हणजे साधारण १७००. घनता ८.८, म्हणजे १५ किलो. रनर-रायझरसकट (रस आत नेणाऱ्या आणि आकसताना तूट भरणाऱ्या वाटा) २१-२२ किलो वितळवा. शेवटी मात्र रनर लावलेलं मेण वजन करून दहाने गुणा, तोच ठोकताळा खरा.

कानस:
मूस यांच्याशी सहमत, पण ५ मिमीचा एवढा सपाट पत्रा वाकणारच. मेणातच मागून दर १०-१२ सेंमीवर फासळ्या द्या, फासळीची जाडी ४ मिमी. फासळी पत्र्यापेक्षा जाड केलीत तर समोरून तिची रेघ खचलेली दिसते. एप्रिल-मेच्या उकाड्यात मेण नुसतं टेबलावर ठेवू नका, रबराच्या साच्याला बाहेरून आधार देणाऱ्या प्लास्टरच्या कवचातच राहू द्या. ब्राँझ दीड-दोन टक्के आकसतं, म्हणजे लांबीत जवळपास १ सेंमी. चौकट आधी करून बसू नका.

उंचीचं प्रमाण काय धरलंय? १:२०,००० ला ६०० मीटरचा चढ फक्त ३ सेंमी भरतो, भाकरीसारखा सपाट दिसेल. उंची दीडपट करा. आणि कातळाचे आडवे थर हीच आपल्या डोंगरांची ओळख, त्या खाचा निदान २ मिमी खोल हव्यात. उथळ खाचा कानस-पॉलिशमध्ये पुसल्या जातात.

गोदाकाठ:
फासळ्यांचं लक्षातच आलं नव्हतं. पावसाळ्यातला हिरवा रंग येईल का?

कानस:
कॉपर नायट्रेटने निळसर हिरवा येतो, गवताचा पोपटी नाही. आधी लिव्हर ऑफ सल्फरने (धातू काळपट करणारं गंधकाचं रसायन) तपकिरी करा, मग धातू टॉर्चने तापवून हिरवा फक्त खोऱ्यांत आणि खाचांत. कडे फडक्याने पुसून उघडे ठेवा, शेवटी कोमट धातूवर मेण.