सरकार खोटं बोललं, म्हणून रोगही सरकारनेच बनवला?

तळटीप (धागाकर्ता)

'कोविडचा विषाणू प्रयोगशाळेत बनवला, हे आता सिद्ध झालंय.' हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. तिघंही चांगली शिकलेली. कुठे सिद्ध झालं, असं विचारलं की तिघांचं उत्तर एकच: 'सरकारं खोटं बोलतात, एवढं तरी मान्य आहे ना?'

मान्य आहे. पण मी ते विचारलंच नव्हतं.

एक जुनं प्रकरण सांगतो. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' दैनिकात एक निनावी पत्र आलं. लिहिणारा म्हणे अमेरिकेतला नावाजलेला शास्त्रज्ञ. दावा असा की एड्स हा रोग पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, फोर्ट डेट्रिकच्या लष्करी प्रयोगशाळेत तयार केला. तेव्हा त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गाझेता'ने त्याच पत्राचा हवाला देत लेख छापला आणि मग ती गोष्ट देशोदेशी, भाषांतरं होत होत फिरली. १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी हेरखात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी कबूल केलं की यामागे केजीबी, म्हणजे सोव्हिएत हेरखातं, होतं.

म्हणजे 'सरकारवर विश्वास ठेवू नका' हे बी पेरलं कुणी, तर दुसऱ्या एका सरकारने! आणि ज्यांनी ते उचललं त्यांना वाटत होतं, आपण कुणाच्याच सांगण्यात नाही.

एड्सचा विषाणू, एचआयव्ही, चिंपांझींमधल्या विषाणूपासून आला. आफ्रिकेत, आग्नेय कॅमेरूनच्या जंगलपट्ट्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास तो माणसात शिरला. काँगोतल्या किन्शासात १९५९ आणि १९६० साली घेतलेल्या जुन्या नमुन्यांत तो सापडलाय. जनुकं कापून जोडायचं तंत्रच तेव्हा जगात नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच: सरकारवरचा अविश्वास हा पुरावा नव्हे. तो फार तर शोध सुरू करायचं निमित्त आहे.

उलटतपासणी

असहमत. लेख नीटस आहे, पण उदाहरण सोयीचं निवडलंत.

मी माझं सांगते. १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेने अलाबामात टस्कीगी इथे सिफिलिस हा लैंगिक रोग झालेले ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुष 'निरीक्षणाखाली' ठेवले. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त बिघडलंय, आम्ही उपचार करतोय. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन हा त्यावरचा नेहमीचा उपचार झाला, तरी यांना तो मिळू दिला नाही. का, तर माणूस मरेपर्यंत रोग काय काय करतो ते बघायचं होतं.

आता विचार करा. १९७१ साली त्यांच्यातला एखादा म्हणाला असता की 'सरकारी डॉक्टर आम्हाला मुद्दाम मरू देतायत', तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता? पुरावा दाखव. आणि त्याने तो कुठून आणला असता हो? त्याच्यापाशी होता तो फक्त अविश्वास, आणि तो बरोबर होता.

रातकिडा

वाचतोय. दोन्ही बाजू तयारीच्या दिसतायत.

तळटीप

उलटतपासणी ताई, टस्कीगीबद्दल एका शब्दाचंही दुमत नाही. पण एक गंमत बघा (गंमत म्हणवत नाही, तरी). ही गोष्ट आज बहुतेक लोक कशी सांगतात? 'सरकारने लोकांना सिफिलिस टोचला.' टोचला नव्हता. आधीच झालेल्यांचा उपचार अडवला होता. खरी गोष्ट पुरेशी भयंकर असताना लोक तिच्यावर आणखी एक थर चढवतात. तिथूनच माझा आक्षेप सुरू होतो.

उलटतपासणी

टोचला नव्हता? टस्कीगीत नसेल. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालात टोचला होता.

१९४६ ते १९४८. तीच अमेरिकन आरोग्य सेवा. कैदी, सैनिक, वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण आणि वेश्या. १३०० च्या वर माणसांना सिफिलिस, गोनोरिया यांसारख्या रोगांचा मुद्दाम संसर्ग होईल असं केलं गेलं. तिथे मुख्य असलेले डॉ. जॉन कटलर पुढे टस्कीगीतही होते. हे जगाला कळलं २०१० साली, मग ओबामांनी ग्वातेमालाच्या राष्ट्राध्यक्षांची माफी मागितली. ६२ वर्षं, तळटीप. या ६२ वर्षांत कुणी म्हटलं असतं की सरकार गरिबांना रोग टोचतं, तर तुमच्यासारख्या सभ्य माणसाने अगदी असाच धागा काढला असता.

तळटीप

हे मात्र लागलं. 'टोचला नव्हता' म्हणताना ग्वातेमाला माझ्या डोक्यात असायला हवं होतं. तो मुद्दा मागे घेतो.

सूक्ष्मदर्शी

प्रयोगशाळेत उमेदवारी केलेली आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

पहिलं टस्कीगीबद्दल. तिथलं सगळ्यात अंगावर येणारं सत्य हे की ते गुपित नव्हतंच. निष्कर्ष १९३६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते, हजारो डॉक्टरांच्या टेबलावर जात होते. पीटर बक्स्टन नावाच्या, त्याच खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने वरिष्ठांना पत्रं लिहिली, वर्षानुवर्षं काही झालं नाही, शेवटी त्याने ते वार्ताहरांच्या हाती दिलं आणि जुलै १९७२ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांनी बातमी केली. ग्वातेमालाचे कागद तरी कुठे होते? पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संग्रहात. टस्कीगीवर काम करणाऱ्या सुझन रेव्हर्बी या इतिहासकार बाईंना ते चाळताना सापडले. कॉन्स्पिरसीवाले (सगळीकडे कट बघणारे) ज्याला 'दडवलेलं सत्य' म्हणतात ते पुष्कळदा असं असतं. समोर पडलेलं, आणि कुणाला वाचायची निकड न वाटलेलं, कारण बळी पडणारे आपल्यातले नसतात.

आता कोविडच्या उगमाबद्दल. लोक तीन दावे एका दमात बोलतात: विषाणू प्रयोगशाळेतून *निसटला*, प्रयोगशाळेत *बनवला*, आणि *मुद्दाम सोडला*. तिन्हींना लागणारा पुरावा वेगळा आहे. निसटणं हे आमच्या धंद्यातलं उघड सत्य आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात देवीचा शेवटचा बळी गेला, तो तिथल्या छायाचित्रकार बाईंचा, आणि तो विषाणू त्याच इमारतीतल्या प्रयोगशाळेतला होता. २००४ मध्ये बीजिंगच्या प्रयोगशाळेतून सार्सचा (कोविडच्याच जातकुळीतला) विषाणू बाहेर पडला. १९७७ मध्ये जो एच१एन१ फ्लू जगभर पसरला तो १९५० च्या आसपासच्या विषाणूशी इतका जुळत होता की मधली पंचवीस-एक वर्षं तो निसर्गात फिरत होता असं मानणं अवघड आहे. कुठल्यातरी फ्रीजरमधून किंवा लशीच्या चाचणीतून तो बाहेर आला असावा, असं बरेच जाणकार मानतात.

आणि स्वेर्डलोव्स्क. एप्रिल १९७९, सोव्हिएत शहर, अँथ्रॅक्स या जिवाणूजन्य रोगाने किमान ६६ माणसं दगावली. सरकार म्हणालं, दूषित मांस. १९९२ मध्ये रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी लष्कराकडे बोट दाखवलं. त्याच सुमारास अमेरिकन शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन यांच्या चमूने मेलेली माणसं त्या दिवसांत कुठे होती ते नकाशावर मांडलं. बहुतेक सगळी एका चिंचोळ्या पट्ट्यात, लष्करी कारखान्यापासून वाऱ्याच्या दिशेने! गुरं मेली तीही त्याच रेषेत पुढे. संशय सगळ्यांनाच होता. निकाल लागला तो वाऱ्यामुळे.

उलटतपासणी

सूक्ष्मदर्शी, प्रतिसाद आवडला, पण तुमच्याच उदाहरणाचा दुसरा अर्थ तुम्ही गाळलात. त्या चमूला त्या शहरात पाऊल कधी ठेवता आलं? सोव्हिएत संघ कोसळल्यावर. तो कोसळला नसता तर 'दूषित मांस' हेच आजही अधिकृत सत्य असतं, आणि वाऱ्याची दिशा पाहणारा कॉन्स्पिरसीवाला. कुठला संशय सिद्ध होतो आणि कुठला 'थिअरी' राहतो, हे पुष्कळदा पुराव्यावर नाही, कुलपाची किल्ली कुणाकडे आहे यावर ठरतं.

कोविडकडे या. फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे रोगाची पहिली बातमी येऊन दोन महिनेही झाले नसताना, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २७ शास्त्रज्ञांनी पत्र लिहून, विषाणू नैसर्गिक नाही असं सुचवणाऱ्या 'कॉन्स्पिरसी थिअरीं'चा निषेध केला. सही करणाऱ्यांत, रोग जिथे पहिल्यांदा दिसला त्या चीनमधल्या वुहानच्या प्रयोगशाळेबरोबर काम केलेल्या संस्थेचे प्रमुख होते, आणि ते नातं त्या पत्रात सांगितलं नव्हतं. फेब्रुवारी २०२१ पासून फेसबुक 'मानवनिर्मित' म्हणणारा मजकूर काढत होतं, मे महिन्यात त्यांनी ते बंद केलं. त्या तीन महिन्यांत विज्ञान बदललं का? हवा बदलली. प्रश्न विचारायचीच चोरी असेल तर लोकांनी उत्तरावर का विश्वास ठेवावा?

रातकिडा

प्रश्न विचारायची चोरी नसावी, शंभर टक्के. पण एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमध्ये लोकांनी मोबाइलचे मनोरे पेटवले, ५जी मुळे कोविड होतो म्हणून. तो कुठला प्रश्न होता?

आणि हे नवीन नाही. फेब्रुवारी १३४९, स्ट्रासबुर्ग (आज फ्रान्समध्ये). ज्यूंनी विहिरींत विष कालवलं म्हणून प्लेग येतोय, अशी आवई. शेकडो ज्यूंना जाळलं. प्लेग त्या शहरात तोवर पोचलाही नव्हता! अशा कथांचा राग सत्तेवर असतो म्हणतात, पण कुऱ्हाड बघा कुणावर पडते ती.

उलटतपासणी

अहो, स्ट्रासबुर्गमध्ये त्यानंतर ज्यूंकडून घेतलेली कर्जं माफ झाली. कुणाची सोय झाली ते बघा. भोळ्या लोकांची आवई एवढंच नव्हतं ते. अफवा सत्तेच्या विरुद्धच असते असं कुठे आहे, ती सत्तेच्या हातातलं हत्यारही असते. हे तर धागाकर्त्यांनीच केजीबीच्या उदाहरणात सांगितलंय.

वाचनमात्र

सहसा लिहीत नाही, पण एक उदाहरण कुणी घेतलं नाही म्हणून. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढायला सीआयएने पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये एका डॉक्टरकरवी हेपॅटायटिस बी लसीकरणाची मोहीम चालवली. उद्देश होता तो लपल्याचा संशय असलेल्या घरातल्यांचे डीएनए नमुने मिळवणं. लस हा हेरगिरीचा बुरखा आहे, असं त्या भागात आधीपासून बोललं जायचं. या एका प्रकारात ते अक्षरशः खरं ठरलं. पुढे पोलिओचे डोस देणाऱ्या कार्यकर्त्यांवर, त्यात बायका पुष्कळ, गोळ्या झाडल्या गेल्या. लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही, असं व्हाइट हाउसने २०१४ मध्ये सांगितलं.

यात अविश्वास करणारे चुकले की बरोबर होते? मला खरंच सांगता येत नाही. डोसात विष नव्हतं. पोरं पोलिओने लुळी झाली ती झालीच.

तळटीप

वाचनमात्र, मूळ धाग्यापेक्षा तुमचा प्रतिसाद चांगला आहे.

याला जोडून उलटं टोक सांगतो. अविश्वास खुद्द सत्तेच्या खुर्चीत बसला की काय होतं? दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनाच एचआयव्हीमुळे एड्स होतो हे पटत नव्हतं. पाश्चात्त्य विज्ञान आणि औषध कंपन्या यांच्यावरचा त्यांचा राग पोकळ नव्हता, वर्णद्वेषी राजवट सोसलेला माणूस तो. पण त्यापायी औषधं लांबली. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर हिशेब मांडला: २००० ते २००५ या काळात टाळता आले असते असे ३ लाख ३० हजारांहून अधिक मृत्यू.

लॅन्सेटच्या पत्राबद्दल ताईंशी सहमत. ते पत्र चूक होतं, आणि फेसबुकचं वागणं त्याहून. पण त्या चुकीतून 'प्रयोगशाळेत बनवला' हे निघत नाही, निघतं ते 'अजून बघा'. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जून २०२५ मध्ये तेच म्हटलं: उपलब्ध पुराव्याचा कल प्राण्यांतून आल्याकडे आहे, पण चीनने मागितलेली माहिती दिलेली नाही, त्यामुळे कुठलीच शक्यता बाद करता येत नाही. सीआयएचा कल जानेवारी २०२५ पासून प्रयोगशाळेकडे, तोही 'कमी खात्री'ने. जे तिघं सीआयएच्या शब्दावर एरवी काडीचा विश्वास ठेवत नाहीत, ते हाच शब्द मला पुरावा म्हणून दाखवतात. असो.

एक विचारू? काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल? माझं आधी सांगतो. डिसेंबर २०१९ च्या आधी तो विषाणू किंवा त्याचा सख्खा पूर्वज कुठल्याही प्रयोगशाळेत होता, अशी एक नोंद दाखवा. मी हा धागा मागे घेईन.

उलटतपासणी

रास्त प्रश्न. मला एखादा प्राणी दाखवा, वुहानच्या बाजारात (सुरुवातीचे बरेच रुग्ण तिथलेच) विकला जाण्याआधीच हा विषाणू बाळगणारा, किंवा ज्या शेतावरून तो आला तिथल्या माणसांच्या रक्तात जुनी लागण. सार्सच्या वेळी बाजारातल्या सिव्हेटमध्ये, म्हणजे उदमांजरात, विषाणू काही महिन्यांत सापडला होता. तसं काही मिळालं तर मी गप्प बसेन.

पण एक लक्षात येतंय का? तुमची नोंद आणि माझा प्राणी, दोन्ही एकाच सरकारच्या ताब्यात. आणि बाजार तर त्यांनी १ जानेवारी २०२० लाच बंद करून धुवून काढला.

सूक्ष्मदर्शी

धुवून काढला, खरंय. पण त्याच बाजारातून नंतर घेतलेल्या नमुन्यांत रॅकून डॉग या कुत्र्याच्या कुळातल्या रानटी प्राण्याच्या जनुकांचे अंश आणि विषाणू एकाच ठिकाणी मिळाले. प्राणी आजारी होता असं त्यातून सिद्ध होत नाही, तो तिथे होता एवढंच होतं. ही माहितीही चिनी शास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय विदागारात (डेटाबेसमध्ये) टाकली आणि बाहेरच्यांनी ती पाहिल्यावर काही दिवसांत तिथून नाहीशी झाली. माझ्या बाजूचा पुरावा आहे हा, आणि तोही झाकला गेला! झाकणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्याच नकोशा असू शकतात.

उलटतपासणी

हे माहीत नव्हतं. वाचते.

तळटीप

ताई, ग्वातेमालाला ६२ वर्षं लागली. इथेही लागतील कदाचित, थांबू. तोवर त्या तिघांपैकी कुणी 'सिद्ध झालंय' म्हणालं तर मी पुन्हा 'कुठे?' विचारणार, आणि कुणी 'नैसर्गिकच आहे, विषय संपला' म्हणालं तर त्यालाही.