बुधवारचा शेतकरी बाजार बंद करायचा म्हणतात, बैठकीत काय सांगू?

सुधा (पुणे)

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या मागे महापालिकेची मोकळी जागा आहे. तिथे दर बुधवारी दुपारी तीनपासून दिवेलागणीनंतरपर्यंत शेतकरी बाजार भरतो. पंधरा-सोळा टेबलं आणि त्यांवर मोठ्या छत्र्या, एवढाच पसारा. पुरंदर, मुळशी, जुन्नर, दौंड इकडची माणसं माल घेऊन येतात. आता सोसायटीतल्या काही जणांनी तो बंद करावा असा अर्ज द्यायचं ठरवलंय. गाड्या आडव्यातिडव्या लागतात, मागे पाला पडून राहतो, आणि भाजी तर हल्ली दहा मिनिटांत घरी येते, मग हे कशाला, असं त्यांचं म्हणणं. येत्या रविवारी बैठक आहे. मी बाजाराच्या बाजूने बोलणार आहे.

भावाचा मुद्दा मला मांडायचा नाही. काही जिन्नस स्वस्त मिळतात, काही नाही. मला वेगळंच वाटतं. आमच्या तीन इमारतींत दोनशेच्या वर घरं आहेत आणि वर्षानुवर्षं राहूनही लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे ओळख जात नव्हती. बाजार सुरू झाल्यापासून ती जाते. सी विंगमधल्या एक काकू यजमान गेल्यापासून घराबाहेर पडायच्याच नाहीत. आता बुधवारी पिशवी घेऊन स्वतः उतरतात आणि बाकावर बसून तिथेच मेथी निवडतात. कुणीतरी शेजारी बसतंच. दोन मुलं संगणकाच्या कंपनीत काम करणारी, एकटी राहणारी. त्यांना कोणती वांगी भरायची आणि कोणती भाजायची हे काकूच सांगतात.

पण हे बैठकीत बोलले तर लोक म्हणणार, ताई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. बाजाराने माणसं जोडली जातात हे ऐकणाऱ्याला पटेल असं कसं मांडू? ज्यांनी अशा बाजारात माल विकलाय, किंवा जे आठवडा बाजाराच्या गावात वाढलेत, त्यांनी जरूर लिहा.

---

माहेर सावंतवाडी

सुधाताई, आमच्याकडे मंगळवारचा बाजार. आमच्या गावात लग्नाची बोलणी, दुखण्याखुपण्याची खबर, मुंबईहून कोण आलं, सगळं मंगळवारी कळायचं. गावोगावच्या बायका सकाळच्या एसटीने डोक्यावर हारे घेऊन उतरायच्या: लाल माठ, तवशी, कुळीथ, कोकमं. पावसाच्या आधी सुकी मासळी आणि मीठ भरायची घाई, आणि चतुर्थीच्या आधीच्या बाजारात माटवीचं (गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या चौकटीचं) सामान, कवंडळं, हरणं, कांगणं. ते सामान दुकानात मिळत नाही. रानात फिरून कुणीतरी तोडून आणावं लागतं आणि ते कुठे मिळतं हे ठाऊक असणारी माणसं त्या एका दिवशी एका जागी बसलेली असतात. पलीकडे म्हापशाच्या शुक्रवारची तऱ्हाही हीच.

एक प्रसंग सांगते. आई आजारी होती म्हणून मला एकटीला बाजारात पाठवलं होतं. आमची नेहमीची भाजीवाली मला बघून म्हणाली, "गो बाय, आवस खंय तुजी?" मी सांगितलं ताप आहे. तिने पिशवीत भाजी घातली आणि वर कुळथाच्या पिठाची पुडी टाकली, "पिठी कर म्हणान सांग, तोंडाक चव येतली." पुढच्या मंगळवारी आई स्वतः गेली आणि त्या दोघी किती वेळ बोलत बसल्या होत्या. भाजीवालीचं आडनाव आईला तेव्हाही माहीत नव्हतं, गाव मात्र माहीत होतं.

आता मी डोंबिवलीत असते. इथे भाजी मिळते, पण मी एखाद्या आठवड्यात गेले नाही तर कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही. तुमच्या बैठकीत हाच प्रश्न विचारा: आपण आठवडाभर दिसलो नाही तर ज्याच्या लक्षात येईल, असं कुटुंबाबाहेरचं कोण आहे?

---

पुरंदरकर शेतकरी

ताई, मी असल्या बाजारात माल विकणारा माणूस. पुरंदर तालुक्यात आमची अंजिराची बाग आहे, थोडं सीताफळ, बाकी हंगामाप्रमाणे वाटाणा, घेवडा, पालेभाजी. आमच्या गावातल्या शेतकऱ्यांचा गट आहे आणि आम्ही पुण्यातल्या दोन आठवडे बाजारांत बसतो. तुमचा बाजार त्यातला नसावा, पण गोष्टी सगळीकडे त्याच.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डाला आम्ही अजूनही माल घालतो, आणि त्याला नावं ठेवणार नाही. पन्नास कॅरेट टोमॅटो एका दिवसात दुसरीकडे कुठे खपणार? पण तिथे माल उतरला की माझा आणि खाणाऱ्याचा संबंध तुटतो. पहाटे टेम्पो जातो, लिलाव होतो, पुढे पट्टी हातात येते: इतके नग, हा भाव, इतका खर्च वजा. ते अंजीर कुणी खाल्लं, गोड लागलं का, मला कळायला मार्ग नाही.

अंजिराचंच सांगतो, कारण त्यात हा फरक डोळ्यांनी दिसतो. लांब पाठवायचं अंजीर थोडं कडक असतानाच तोडावं लागतं, नाहीतर हाताळणीत फुटतं. झाडावर पुरतं पिकलेलं अंजीर देठातून मान टाकतं, सालीला बारीक चिरा पडतात, दाबलं की बोट आत जातं. चवीला ते सगळ्यात उत्तम आणि टिकायला सगळ्यात वाईट. व्यापारी ते बाजूला काढतो, त्याचंही बरोबर आहे, त्याला दुसऱ्या गावाला पाठवायचं असतं. बाजाराच्या दिवसासाठी मात्र आम्ही असं फळ मुद्दाम झाडावर राखतो आणि त्याच दिवशी पहाटे काढतो. चिकाने बोटं चुरचुरतात, म्हणून घरची मंडळी हातमोजे घालून तोडतात. पाटीत अंजिराचीच पानं अंथरायची, फळावर फळ रचायचं नाही. दुपारी टेबलावर लागलं की संध्याकाळपर्यंत संपतं. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच, पण पुण्यात जन्म काढलेल्या कितीतरी लोकांनी झाडावर पिकलेलं अंजीर आमच्या टेबलावर पहिल्यांदा खाल्लं. ती माणसं पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याला घेऊन येतात.

आता माणसं जोडण्याचं. तुमच्या शहरात विदर्भ, खानदेश, मराठवाडा, कोल्हापूर, सगळीकडची माणसं आहेत. नागपूरकडच्या एक बाई दर वेळी विचारायच्या, अंबाडी आहे का? आमच्याकडे नव्हती. आमच्या गटातल्या एकाने त्यांच्यासाठी म्हणून पावसाळ्यात बांधाच्या कडेला अंबाडी टाकली. पहिल्या जुड्या आणल्या त्या दिवशी त्या बाई टेबलासमोर उभ्या राहून कोल्हापूरच्या एका ताईंना सांगत होत्या: पानं शिजवून पाणी काढून टाका, तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घाला, वरून लसणाची फोडणी द्या, भाकरीबरोबर खा. दोघी एकाच इमारतीतल्या आणि त्याआधी एकमेकींना ओळखत नव्हत्या. मागच्या रांगेतल्या चौघींनीही जुड्या घेतल्या. आता अंबाडी आमच्याकडे दर पावसाळ्यात असते. ती पेरायची हे कुठल्या तज्ज्ञाने सांगितलं नाही, त्या बाईंनी सांगितलं.

2020 च्या टाळेबंदीत बाजार बंद झाले. आमचा वाटाणा, पालेभाजी, सीझनचं अंजीर शेतात तयार. तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांनीच आपापल्या सोसायटीच्या याद्या केल्या, कोणाला काय आणि किती ते लिहून पाठवलं, आम्ही पिशव्या भरून गेटवर आणून दिल्या. ज्या म्हाताऱ्या माणसांना खाली उतरता येत नव्हतं त्यांच्या पिशव्या वरच्या मजल्यावरची पोरं पोचवायची. एकमेकांचे फोन नंबर आधीच होते म्हणून हे दोन दिवसांत उभं राहिलं. बैठकीत हे नक्की सांगा. अडचणीच्या वेळी नव्याने ओळख काढायला वेळ नसतो.

घरपोच माल देणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. त्यालाही घर आहे. पण तो दारात पिशवी ठेवून पळतो, त्याला पुढची ऑर्डर असते. त्याला विचारता येत नाही की ही कोथिंबीर आज अशी का. मी सांगू शकतो, काल रात्री पाऊस झाला, मातीची आहे, आज नेऊ नका.

तक्रारींचंही ऐकून घ्या, त्या खोट्या नाहीत. पाल्याचं काम आमचंच. आमच्या गटात नियम आहे, निघताना प्रत्येकाने आपल्या टेबलाखालचं झाडून रिकाम्या कॅरेटात भरायचं आणि गावी न्यायचं, गुरं खातात, उरलं ते खड्ड्यात. तुमच्याकडे होत नसेल तर गटप्रमुखाला बोलवून ठणकावून सांगा. गाड्यांसाठी टेबलं एका बाजूला एका रांगेत घ्यायला लावा आणि टेम्पो माल उतरवून लांब उभे करायला लावा.

एक गोष्ट कुणी बोलत नाही ती मी बोलतो. आमच्याबरोबर येणाऱ्या बायका दुपारी बाराला घर सोडतात आणि रात्री दहाला पोचतात. स्वच्छतागृह नसतं म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. एका बाजारात शेजारच्या सोसायटीने गेटजवळचं स्वच्छतागृह त्यांच्यासाठी उघडं ठेवलं. त्यानंतर त्या सोसायटीतल्या कुणाचं लग्न असो, आमच्या बायकांची हळद आणि ओली हरभऱ्याची पेंडी आहेराला जाते. तुमच्या सोसायटीला जोडणं म्हणजे काय ते दाखवायचं असेल तर याने सुरुवात करा.

---

निवृत्त पणन

पुरंदरकरांनी मनापासून लिहिलंय आणि ते खरं आहे. पण बैठकीत एक प्रश्न हमखास येणार, त्याची तयारी ठेवा: हे सगळे शेतकरीच आहेत कशावरून? मी नोकरीच्या काळात असे बाजार जवळून पाहिले. काही ठिकाणी सुरुवातीला शेतकरी होते, वर्षभरात जागा तीच आणि बसणारा दुसरा, यार्डातून सकाळी माल घेऊन दुपारी विकणारा. तो गुन्हेगार नाही, पण मग ते हातगाडीसारखंच झालं, आणि सुधाताई म्हणतात ती ओळख तिथे तयार होत नाही, कारण अंबाडी मागितली तर त्याच्याकडे बांधच नाही.

ओळखायची सोपी खूण सांगतो. जूनच्या तोंडावर एकाच टेबलावर गाजर, मटार, फ्लॉवर, ढोबळी, सगळं मांडलेलं असेल तर ते एका शेतातलं नाही. खऱ्या शेतकऱ्याच्या टेबलावर तीन-चार जिन्नस, फार तर गटातल्या शेजाऱ्याचे आणखी दोन. जुलैत असलेला माल ऑक्टोबरात नसतो. गटाकडे सभासदांचे सातबारा उतारे असतात, ते मागायला लाजू नका.

थोडी पार्श्वभूमीही द्या, लोकांना वाटतं हे कुणीतरी परवानगीशिवाय मांडलंय. 1963 च्या पणन, म्हणजे शेतमाल विक्रीच्या, कायद्याखाली फळं-भाज्यांचा घाऊक व्यवहार बाजार समित्यांच्या चौकटीत होता. जुलै 2016 मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला नियमनातून मोकळा केला आणि अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. त्याच वर्षी पणन मंडळामार्फत संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान सुरू झालं. शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांनी शहरात थेट विकावं, जागा पालिकांनी द्यावी, हा त्याचा गाभा. तुमच्या बाजाराला कुणाची परवानगी आहे ते गटप्रमुखाकडून कागदावर घ्या.

आणि पुणेकरांना पुण्याचीच आठवण करून द्या. आपली मंडई 1880 च्या दशकात बांधली तेव्हा नाव होतं रे मार्केट. एवढा पैसा इमारतीवर घालण्याला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांचा विरोध होता, तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं मत. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. तिथेच 1924 मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते टिळकांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. सभा, गणपती, निवडणुकीच्या गप्पा, सगळं तिथे. मंडई विद्यापीठ हे नाव उगाच पडलं नाही. भाजी घ्यायला जिथे सगळ्या जातीची, सगळ्या पगाराची माणसं रोज येतात तिथेच शहर बोलतं. नव्या उपनगरांत आपण बागा केल्या, जिम केले, पण अशी जागा ठेवली नाही. बुधवारचे चार-पाच तास ती उणीव भरून काढताहेत.

---

सुधा (पुणे)

तिघांचेही मनापासून आभार. आज संध्याकाळी मी गटप्रमुखांशी बोलले. परवानगीची प्रत ते देणार आहेत. टेबलं एका रांगेत घ्यायला तयार आहेत. दोन टेबलं मलाही शंकास्पद वाटत होती, तेही त्यांनी आढेवेढे न घेता कबूल केलं, ती पुढच्या महिन्यापासून नसतील.

स्वच्छतागृहाचं वाचून मात्र मी गप्प झाले. आमच्या क्लब हाऊसचं गेटजवळच आहे आणि बुधवारी कुलूपबंद असतं. बैठकीत बाजाराची बाजू मांडण्याआधी मी हाच ठराव ठेवणार आहे. अंबाडीची गोष्ट आणि टाळेबंदीतल्या पिशव्यांची गोष्ट तुमची म्हणून सांगू ना? आणि पुरंदरकर दादा, तुमच्या गटातलं कुणी बैठकीला येऊन बोलू शकेल का? आमच्या बाजारातल्या लोकांना संकोच वाटतोय, सोसायटीच्या हॉलमध्ये कधी कुणी बोलावलंच नाही त्यांना.

---

पुरंदरकर शेतकरी

खुशाल सांगा ताई. रविवारी मी बागेत असतो, सोमवारच्या मालाची तोड असते, पण आमच्या बचत गटाच्या अध्यक्षा आणि माझी भावजय दोघी येतील. त्या माझ्यापेक्षा चांगलं बोलतात आणि स्वच्छतागृहाचं त्यांनीच बोलायला हवं. तुमच्या बाजारातल्या दोघा-चौघांनाही बरोबर बसवा, दोघी सोबत असल्या की तीही बोलतील. बैठक किती वाजता आहे? सासवडहून एसटी बघून निघायला लागेल.