टोल्युइन: द्रावक म्हणून हद्दपार करावे काय?

धागाकर्ता (कोपरखैरणे): टोल्युइन या ज्वलनशील, उडून जाणाऱ्या द्रवाचे दोन संसार आहेत. एकात ते कच्चा माल असते आणि त्यापासून बेंझाइल क्लोराइड, बेंझोइक आम्ल, गाद्यांच्या फोमला लागणारे टीडीआय (टोल्युइन डायआयसोसायनेट) बनते. दुसऱ्यात ते शाई, रंग, गोंद पातळ करते आणि काम झाले की हवेत जाते. हा दुसरा वापर बंद व्हावा, असे माझे मत आहे. महापे येथील ज्या छपाई युनिटमध्ये मी होतो, तेथे शाईच्या ट्रेवर झाकण नसे, शाई घट्ट वाटली की टोल्युइनचा एक मग ओतला जाई, आणि दुपारपर्यंत सर्वांचे डोके जड होई. खाद्यवेष्टनाच्या शाईतून भारतीय मानकाने 2020 मध्ये टोल्युइन वगळले. इतर शाईला सूट कशासाठी? त्याऐवजी इथाइल ॲसिटेट हे द्रावक आहेच.

प्रतिसाद 1 (रबाळे): ही विभागणी सोयीची आहे, खरी नाही. औषधनिर्मितीतही टोल्युइन द्रावकच असते, पण ते उडून जात नाही. रिॲक्टरमध्ये (प्रक्रियेच्या बंद भांड्यात) तयार होणारे पाणी त्याच्यासोबत सुमारे 85 अंशांना वाफ होऊन वर जाते आणि कंडेन्सरमध्ये थंड झाल्यावर साइट ग्लासमागे (आतले पाहायच्या काचेमागे) दोन स्वच्छ थर दिसतात. खालचे पाणी सोडायचे, वरचे टोल्युइन रिॲक्टरमध्ये परत. इथाइल ॲसिटेट पाण्यात बरेच विरघळते, शिवाय अमाइन (नायट्रोजनयुक्त संयुग) असेल तर स्वतःच प्रक्रियेत शिरते. त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) उणे 4 अंश, टोल्युइनचा अधिक 4. आगीच्या दृष्टीने पर्याय उजवा कसा?

प्रतिसाद 2 (ऐरोली): फ्लॅश पॉइंटवर निकाल लागत नाही. टोल्युइन विजेचे वाहक नसल्यामुळे पिंपातून ओतताना त्यात स्थिर विद्युतभार साचून राहतो आणि ठिणगी पडू शकते. इथाइल ॲसिटेटमधून तो लवकर ओसरतो. अर्थिंगचा चिमटा पिंपाच्या रंगावरच लावलेला मी कितीदा पाहिला आहे (रंग खरवडून धातूला लावायचा असतो, हे सांगून जीभ झिजली).

धागाकर्ता: बंद रिॲक्टरबाबत माझे म्हणणे मागे घेतो. उघड्या ट्रेबाबत नाही.

प्रतिसाद 1: मग बंदी ट्रेवर मागा. उघड्या ट्रेत उद्या इथाइल ॲसिटेट ओतले, तरी कामगाराच्या नाकात द्रावकच जाणार. झाकण आणि वाफ खेचणारा पंखा दोन्ही द्रावकांना लागतो.

धागाकर्ता: पंखा होता. तो ट्रेच्या वर, छताला होता. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिप्पट जड असते.