सल्ला हवा: 'वर्स्टेड' म्हणजे जाडी की कताई?

टाकेवाली: वेण्यांचा स्वेटर विणायला घेतेय. पॅटर्नमध्ये 'वर्स्टेड' लोकर सांगितलीय. एका गुंडीवर नुसतं 'वर्स्टेड' लिहिलंय, ती चांगली जाड आहे. दुसरीवर 'वर्स्टेड स्पन', पण ती अगदी बारीक! कुठली घेऊ? आणि हा शब्द आला कुठून?

उलटसुलट: पॅटर्नमध्ये बहुतेक वेळा जाडीच अभिप्रेत असते. जाडीच्या तक्त्यात क्रमांक 4. सुया 4.5 ते 5.5 मिमी, 4 इंचांत 16 ते 20 टाके. आधी छोटा चौकोन विणून टाके मोजच.

लोकरवेडा: शब्द गावावरून आलाय. इंग्लंडमध्ये नॉरफोकात वर्स्टेड नावाचं गाव आहे, तिथले लोक उच्चार 'वुस्टिड' असा करतात. मध्ययुगात तिथलं लोकरी कापड इतकं गाजलं की गावाचं नाव कापडाला आणि सुतालाही चिकटलं. जाडीसाठी हा शब्द पुष्कळ नंतर आला, घोळ तिथूनच सुरू होतो.

मूळ अर्थ कताईचा. लांब तंतूंची लोकर घ्यायची आणि विंचरायची. पूर्वी त्यासाठी लोखंडी दातांच्या फण्या तापवून वापरत. आखूड तंतू फणीत मागे राहतात, लांब तंतू एकमेकांना समांतर होतात, मग पीळ द्यायचा. सूत गुळगुळीत, मजबूत आणि किंचित चकाकणारं होतं. सुटाचं कापड याचंच. याउलट 'वुलन' सूत पिंजलेल्या लोकरीचं: तंतू आडवेतिडवे, मध्ये हवा अडकलेली, म्हणून हलकं आणि जास्त उबदार.

टाकेवाली, वेण्यांसाठी माझं ठाम मत: जाडी क्रमांक 4 आणि कताईही वर्स्टेड, शक्यतो तीन किंवा जास्त पदरी. वेण्या उठून दिसतात, कोपरावर गोळेही कमी येतात. लेबलवर कताई लिहिली नसेल तर टोकाचा पीळ उलगडून बघ. तंतू लांब आणि सरळ, शेजारी शेजारी पडलेले दिसले तर वर्स्टेड. आखूड, गुंतलेले, हलक्या ओढीने सुटणारे असतील तर वुलन.

टाकेवाली: दोन्ही गुंड्यांचा पीळ उलगडला. जाड गुंडीचे तंतूही सरळच निघाले, तीच घेते. दोन रंगांच्या नक्षीच्या टोपीलाही हीच चालेल का?

लोकरवेडा: चालेल, पण तिथे मी वुलन घेईन. त्याचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे रंग बदलताना टाक्यांमध्ये फटी दिसत नाहीत.