समन्स परत येत आहे. वर्तमानपत्रात जाहीर समन्स देण्याचा अर्ज आत्ताच करावा का?

नौपाडाकर:
नौपाड्यात माझे फर्निचरचे छोटे वर्कशॉप आहे. कासारवडवली येथील एका सदनिकाधारकाकडून कामाचे ३,४०,००० रुपये येणे राहिल्याने मी ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा लावला आहे. बेलिफ (समन्स पोहोचवणारे न्यायालयाचे कर्मचारी) दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा ‘घर बंद’ असा अहवाल आला. स्पीड पोस्टचे पाकीटही परत आले असून त्याच्या मागे निळ्या बॉलपेनने ‘लेफ्ट’ एवढेच लिहिले आहे. गेल्या रविवारी मी स्वतः जाऊन पाहिले, तर गॅलरीत मुलांचे शाळेचे गणवेश वाळत होते आणि वॉचमनने सांगितले की साहेब रात्री उशिरा येतात. माझे वकील म्हणतात की आता जाहीर समन्सचा अर्ज देऊन विषय मिटवू. ही घाई योग्य आहे का?

कोर्टनाका_वकील:
आपल्या वकिलांचा मार्ग कायद्यात आहे, परंतु तो शेवटचा मार्ग आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० प्रमाणे प्रतिवादी बजावणी टाळण्यासाठी तोंड चुकवत आहे, किंवा नेहमीच्या पद्धतीने बजावणी होणे शक्य नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली तरच पर्यायी बजावणीचा, म्हणजे जाहीर समन्ससारख्या मार्गाचा, हुकूम होतो. ही खात्री पटवायला ‘घर बंद’ हे दोन शब्द अपुरे पडतात. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा असता तर न्यायालय बजावणी झाली असे जाहीर करू शकले असते. ‘लेफ्ट’चा अर्थ मात्र तो तेथे राहत नाही असा होतो आणि तो शेरा आपल्याच विरुद्ध जातो. म्हणून प्रतिवादी त्याच पत्त्यावर राहत असल्याचे शपथपत्र आधी द्या, त्यात रविवारी पाहिलेले सर्व लिहा आणि नवीन समन्स मागा. विनाबजावणी अहवाल न्यायालयात आल्यापासून सात दिवसांत नवीन समन्ससाठी अर्ज न केल्यास आदेश ९, नियम ५ खाली दावा निकाली निघू शकतो, एवढे ध्यानात असू द्या.

नाझर_विभाग_निवृत्त:
वकीलसाहेबांच्या मताशी सहमत आहे. बेलिफांच्या जाण्यायेण्याचा भत्ता भरल्यानंतर त्यांच्याबरोबर स्वतः जा आणि घर दाखवा. रीतसर शोध घेऊनही प्रतिवादी भेटला नाही, लवकर भेटण्याची शक्यता दिसली नाही आणि त्याच्या वतीने समन्स घेणारे कोणी नसले, तर आदेश ५ च्याच नियम १७ प्रमाणे समन्सची प्रत घराच्या बाहेरच्या दारावर किंवा घराच्या ठळक भागावर चिकटवता येते. पण ती त्याच्या सदनिकेच्या दारावर लागली पाहिजे. सोसायटीच्या गेटवरील फलकावर लावून परत येणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होय. घर कोणी दाखवले आणि कोणासमोर चिकटवले, त्यांची नावे व पत्ते अहवालात हवेतच. अहवालाला बेलिफांचे शपथपत्र जोडलेले नसेल, तर नियम १९ नुसार न्यायालय त्यांना शपथेवर तपासते. माझ्या नोकरीत सर्वाधिक अहवाल फेटाळले गेले ते साक्षीदाराच्या नावाच्या जागी केवळ ‘शेजारी’ लिहिल्यामुळे.

नौपाडाकर:
आभारी आहे. वॉचमनकडे समन्स दिले तर चालेल का? तो सोसायटीची सर्व कुरिअर घेतो.

कोर्टनाका_वकील:
नाही. प्रतिवादी घरी नसताना त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान व्यक्तीला, मग ती स्त्री असो वा पुरुष, समन्स देता येते. परंतु नोकर कुटुंबात मोडत नाही, असे नियम १५ च्या स्पष्टीकरणातच आहे, आणि वॉचमन तर सोसायटीचा नोकर. पत्नीने सही केली तर बजावणी पूर्ण होते. व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा, कारण २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका दरखास्तीत (निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जात) प्रतिवादीने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नोटीस उघडून पाहिल्याचे ग्राह्य धरले होते. मात्र बेलिफांच्या बजावणीऐवजी तेवढ्यावर विसंबू नका.

चरईची_वादी:
मी हीच घाई केली होती. जाहीर समन्स छापले, प्रतिवादी आला नाही, एकतर्फी हुकूमनामा झाला आणि दरखास्तीत त्याच्या बँक खात्यावर जप्ती येताच तो धावत आला. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाची मुदत ३० दिवसांची आहे. पण मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ च्या स्पष्टीकरणानुसार त्या अर्जापुरती नियम २० ची पर्यायी बजावणी ही रीतसर बजावणी धरली जात नाही, त्यामुळे ते ३० दिवस त्याला हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजले गेले. त्यातच मी जाहिरात दिलेले दैनिक त्याच्या शेवटच्या राहत्या भागात फारसे खपतच नव्हते. हुकूमनामा रद्द झाला आणि दावा पुन्हा लेखी जबाबाच्या टप्प्यावर आला. आपल्याला तर त्याचे दार ठाऊक आहे. आधी बेलिफांना संध्याकाळची वेळ मागून पाहा.

नौपाडाकर:
शपथपत्र आणि नव्या समन्सचा अर्ज सोमवारी देतो. तळमजल्यावरील दुकानदार साक्षीदार म्हणून नाव व पत्ता देण्यास तयार आहेत.